निवडणूक झाली, लोकशाही कुठे आहे?

म्यानमारमध्ये २८ डिसेंबर २०२५ पासून जानेवारी २०२६ पर्यंत टप्प्याटप्प्याने मतदान घेण्यात आले आणि लष्कराच्या पाठिंब्यावरचा पक्ष विजयी ठरला. युद्धग्रस्त भागांत तर मतदान झालेच नाही. अशा निवडणुकीला आम्ही लोकशाही मानत नाही.

तेथील जनतेने आपला कौल यापूर्वीच दिला आहे. १९९० साली आँग सान स्यू की यांच्या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या. लष्कराने सत्ता सोडली नाही. २०२० मध्ये त्याच पक्षाला पुन्हा प्रचंड बहुमत मिळाले. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावली. २०२३ मध्ये तो पक्षच विसर्जित करण्यात आला. २००८ च्या राज्यघटनेने संसदेच्या २५ टक्के जागा लष्कराला राखून दिल्या आणि घटनादुरुस्तीला ७५ टक्क्यांहून अधिक मतांची अट घातली. कुलूपही लष्कराचे, किल्लीही लष्कराची!

या सत्तेपुढे प्रथम उभे राहिलेल्यांत रेल्वे कामगार होते. त्यांनी काम बंद केले, गाड्या थांबल्या. १० मार्च २०२१ रोजी यांगूनमधील त्यांच्या वसाहतीला सशस्त्र दलांनी वेढा घातला. संपकऱ्यांना पकडले, कुटुंबांना क्वार्टरबाहेर काढले. मे १९७४ च्या संपात आपल्याही बांधवांची बिऱ्हाडे अशीच रस्त्यावर आली होती. पुढच्याच वर्षी देशावर आणीबाणी लादली गेली. कामगाराचा संपाचा हक्क आधी जातो, नागरिकाचे हक्क त्यामागून जातात. १९७७ मध्ये आपण मताच्या बळावर ते परत मिळवले, कारण विरोधी पक्ष रिंगणात होते आणि निकाल मानला गेला. म्यानमारच्या कामगारांना ही संधीच नाकारली आहे.

म्हणून निवडणुकीची कसोटी आमच्या दृष्टीने साधी आहे. युनियन उघडपणे सभा घेऊ शकते का? संपकरी कामावर परतला का? हरलेला सत्ता सोडतो का?

जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने म्यानमारविरुद्ध घटनेच्या कलम ३३ खाली ठराव केला. भारत सरकारने त्याची अंमलबजावणी करावी, असा ठराव प्रत्येक शाखेने करून पाठवावा. ज्या मंडालेत लोकमान्यांनी सहा वर्षे कारावास भोगला, तेथील कामगार आज एकटा पडता कामा नये.