वंशावळीत आजीचं नाव कुठे आहे?

सध्या आपल्याकडे वंशावळ काढायचा हंगाम आहे. कुणबी नोंद, जात पडताळणी, जमिनीचा वारसा, काही ना काही निमित्त निघतं आणि माणसं तहसील कचेरीत मोडीतले कागद धुंडाळू लागतात. खापरपणजोबांचं नाव सापडलं की घरात पेढे येतात. आपल्या भागात तर हेळवी अजूनही काही काही वर्षांनी दारात येतात, चोपडी उघडतात आणि तुमचं घराणं कुठल्या गावाहून इथं आलं ते घडाघडा सांगतात.

माझी एक तक्रार आहे. या बहुतेक वंशावळींत बायका नसतात. बाप, बापाचा बाप, त्याचा बाप, झालं. आजीचं माहेर कुठलं, तिला भावंडं किती, त्यातली किती जगली, जी गेली ती कशानं गेली, यातलं काहीही नाही. तहसीलदारांना तेवढी वंशावळ पुरते, डॉक्टरला पुरत नाही. तुमच्या अंगातली निम्मी जनुकं आईकडून आलेली असतात, आणि बापाकडून आलेल्यांतलीही साधारण निम्मी त्याच्या आईची.

ज्या घरानं सगळं सोडून स्थलांतर केलं, त्या घरात ही अडचण दुप्पट होते. कोल्हापूरकरांना त्यासाठी लांब जायला नको. लग्नाचा बस्ता बांधायला आपण ज्या गांधीनगरात जातो, तिथलीच गोष्ट घ्या. ही जागा म्हणजे वळिवड्याची जुनी छावणी. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८ या काळात, तिथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. ते गेले, आणि त्याच बराकींत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं उतरली. (त्या पोलिश मुलांची नातवंडं आजही आजीची बराक कुठली होती ते बघायला इथं येतात. आपल्याकडे एवढी चिकाटी फक्त सातबाऱ्यासाठी दिसते.)

पंजाब आणि बंगाल निम्मे-निम्मे वाटले गेले, सिंध मात्र अख्खा पलीकडे गेला. त्यामुळे सिंधी माणसाला मूळ गावी परत जाऊन पारावरच्या म्हाताऱ्याला विचारायची सोय उरली नाही. उरलं काय? आडनाव. अनेक सिंधी आडनावांच्या शेवटी ‘-आणी’ असतं. त्याचा अर्थ अमक्याचे वंशज, म्हणजे आडनावातच एक पूर्वज बसवलेला असतो. ‘नुख’ असतो, आपल्या कुळासारखा. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही आहेत, त्या मूळ गावानुसार लावलेल्या असतात. पण या सगळ्यात पुन्हा तेच, बापाचा बाप.

डॉक्टरला याची एवढी फिकीर का, तर थॅलेसेमियामुळे.

आपल्या प्रत्येकाकडे हिमोग्लोबिन बनवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एकच प्रत बिघडलेली असेल तर माणूस ‘मायनर’, म्हणजे फक्त वाहक. त्याला आजार नाही. तो धावतो, दुकान चालवतो, नव्वदीपर्यंत जगतो. फार तर हिमोग्लोबिन जरा कमी असतं आणि कुणीतरी वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या देत राहतं. पण दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता असते की बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतील. ते बाळ ‘मेजर’. सहा महिन्यांचं होता होता ते फिकं पडू लागतं, आणि मग दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त, जन्मभर. त्या रक्तातून साठणारं लोह हृदयात आणि यकृतात जाऊन बसतं, ते काढायला आणखी औषधं. जुळणारा भाऊ किंवा बहीण मिळाली तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो, पण सख्खं भावंडही चारातलं एकच जुळतं.

भारतात साधारण शंभरातले तीन-चार जण वाहक आहेत. सिंधी, पंजाबी, गुजराती, लोहाणा, बंगाली, कोळी, सारस्वत अशा काही समाजांत हे प्रमाण जास्त आहे. यात कुणाचा दोष नाही. जिथं पिढ्यान् पिढ्या मलेरिया माणसं मारत होता, तिथं वाहक त्यातून जास्त वाचले, म्हणून ही जनुकं टिकली. सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत एक विशिष्ट बिघाड वारंवार सापडतो, जनुकातला ६१९ अक्षरांचा एक तुकडाच गळालेला. सिंधू नदीकाठचा तो ठसा कराचीच्या बंदरातून बोटीत बसून मुंबईला आला, कल्याणच्या छावणीत राहिला, वळिवड्याला आला. कागद मागे राहिले, हा मात्र बरोबर आला.

आता समजा, शिकारपूरहून आलेलं एक घर आहे. पणजीला सात मुलं झाली, त्यातली दोन तान्ही असतानाच गेली. घरात सांगतात, ‘छावणीच्या हवेनं गेली’, ‘दृष्ट लागली’, ‘कावीळ झाली’. असेलही. त्या काळात छावणीत मूल दगावायला कारणं कमी नव्हती. पण ती मुलं पांढरीफटक पडत गेली होती का, पोट फुगलं होतं का, हे सांगू शकणारं माणूस आज कोण आहे? १९४७ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीला टेकला आहे. त्याला आताच विचारायला हवं.

स्थलांतरितांच्या वंशावळीतूनच हा आजार जगाला कळला, हे फार लोकांना माहीत नसतं. १९२५ साली डेट्रॉईटचे बालरोगतज्ज्ञ थॉमस कूली यांनी त्याचं वर्णन केलं, ते भूमध्य समुद्राकाठच्या देशांतून अमेरिकेत आलेल्या कुटुंबांतल्या मुलांवरून. म्हणून पुढं नाव पडलं थॅलेसेमिया. ग्रीकमध्ये ‘थालासा’ म्हणजे समुद्र. तो आनुवंशिक कसा आहे हे १९४४ साली व्हॅलेंटाइन आणि नील या दोघांनी मांडलं. तेही इटलीहून आलेल्या घरांतल्या आजारी मुलांचे आईबाप आणि नातेवाईक तपासूनच.

आणि तरीही आपल्याकडे ही माहिती लपवली जाते. घरात एक मूल मेजर निघालं की पहिली सूचना असते, ‘बाहेर बोलू नका, मुलींची लग्नं व्हायची आहेत.’ मला ही भीती समजते, पण पटत नाही. कारण मूल मेजर असेल तर आई-वडील दोघंही वाहक असतातच. मग आईची सख्खी बहीण वाहक असण्याची शक्यता निम्मी, मावसभावाची पाव. ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं, त्यांच्यापासूनच आपण लपवतो.

लग्न मोडावं असं मी म्हणत नाही. वाहकाने वाहक नसलेल्या व्यक्तीशी लग्न केलं तर मेजर मूल होत नाही. दोघंही वाहक असले तरी अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा तपासून बाळाचं कळतं. सायप्रसमध्ये सातातला एक जण वाहक होता. तिथल्या चर्चनेच लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली. बहुतेक जोडप्यांनी लग्नं मोडली नाहीत, आणि मेजर बाळांचे जन्म मात्र जवळजवळ थांबले. आपल्याकडे पत्रिका बघायला दोन तास मिळतात. तपासणीला थोडंसं रक्त लागतं.

हे वाचून ‘आमच्यात नसतं असलं’ म्हणणाऱ्या कोल्हापूरकरांनो, जरा थांबा. आपल्यात मामाची मुलगी करायची रीत आहे. अशा घराची वंशावळ काढली की एकच आजी दोन फांद्यांवर दिसते, आणि तिच्याकडची एखादी बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी नातवंडांपर्यंत पोचू शकते. थॅलेसेमियाच कशाला, दुसरे अनेक दुर्मीळ आजार याच वाटेनं येतात.

तेव्हा एक मोठा कागद घ्या. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. मेलेल्या मुलांनाही जागा द्या, नाव ठेवलं नसलं तरी. नात्यात लग्न असेल तर जोडणारी रेघ दुहेरी. प्रत्येकापुढे गाव, वय, आजार, आणि रक्त चढवलं असेल तर तेही. सुना कुठून आल्या ते लिहा. विचारायचं ते आजीच्या बहिणीला. आजोबांना हिशेब आठवतात, बाळंतपणं नाही. एखाद्या घरी दत्तक असेल, किंवा छावणीत अनाथ म्हणून सांभाळलेलं मूल असेल, तर ते चारचौघांत विचारू नका आणि त्यांच्या परवानगीशिवाय लिहूही नका. लाळ पाठवून ‘तुमचे पूर्वज कुठले’ सांगणाऱ्या परदेशी चाचण्यांवर खर्च करण्याआधी एवढं करा.

मग लग्नाच्या वयाच्या सगळ्यांची साधी रक्ततपासणी आणि एचबीए२. मुलाचीसुद्धा. नेहमी सुनेचंच रक्त काढतात, तेही तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, आणि ती वाहक निघाली की नवरा ‘मला काही नाही’ म्हणून दवाखान्यात येत नाही. एचबीए२ साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर असेल तर रिपोर्ट आणि तो कागद दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. अंगात लोह फार कमी असेल तर आकडा खाली दिसू शकतो, म्हणून एका रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका. आणि कागदावर पेन्सिलनेच लिहा. दिवाळीत सगळे जमले की कुणीतरी म्हणतंच, ‘अगं, तिला अजून एक मुलगी होती.’