तेजस्विनीताई, त्या 33व्या क्रमांकाबद्दल बोला

प्रिय तेजस्विनीताई सावंत,



नेसरीहून लिहिते आहे. आमचं गाव महाराष्ट्राला खिंडीमुळं माहीत. 24 फेब्रुवारी 1674 रोजी सरनोबत प्रतापराव गुजर सहा स्वारांसह बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले आणि सातही जण इथं कामी आले. त्यांच्या स्मारकाचा आम्हाला अभिमान आहे आणि तो राहणार. पण याच गावातून दप्तर पाठीला लावून हायस्कूलला जाणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरींना मोठेपणाचे दोनच नमुने दिसतात. एक प्राण देणाऱ्याचा, दुसरा जिंकून आलेल्याचा. या दोन्हींच्या मधे जे लांबलचक आयुष्य असतं, ते त्यांना कुणी दाखवत नाही. म्हणून तुम्हाला हे पत्र.

आमच्याकडं पहाटे मुली रस्त्यावर पळतात. पोलीस भरतीची तयारी, आठशे मीटर. एखादीची निवड झाली की चौकात डिजिटल फलक लागतो, गुलाल उधळला जातो. व्हायलाच हवं. पण दोन-चार मार्कांनी राहिलेली तिची मैत्रीण मागच्या गल्लीनं घरी जाते आणि त्याच आठवड्यात घरात स्थळांचा विषय निघतो. तिनं पुढं काय करायचं, हे सांगणारं माणूस तिला भेटतच नाही. मोबाइलवर तर कुणी हरतच नाही. तिथं सगळ्यांची कातडी गुळगुळीत, कंबर बारीक आणि यश तीन महिन्यांत. पोरी ते खरं धरतात आणि आरशात स्वतःतच खोट शोधत बसतात.

ताई, तुमचं नाव आमच्या पोरींना पाठ आहे ते ऑगस्ट 2010 मुळं. म्युनिकमध्ये 50 मीटर रायफल प्रोन प्रकारात 600 पैकी 597 गुण, विश्वविक्रमाशी बरोबरी, नेमबाजीत जगज्जेती झालेली पहिली भारतीय महिला. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात ही एक ओळ येते आणि तुमची गोष्ट तिथंच संपते.

मला त्यानंतरची वर्षं हवी आहेत. ज्या प्रकारात तुम्ही जग जिंकलंत, तो प्रकार ऑलिम्पिकमध्ये महिलांसाठी नाहीच, हे किती मुलींना ठाऊक आहे? जगात पहिली येऊनही ऑलिम्पिकचं दार बंदच राहिलं. बीजिंग हुकलं होतं, मग लंडन हुकलं, रिओ हुकलं. रायफल, गोळ्या, जॅकेट, सगळंच महाग असलेला हा खेळ तुम्ही तरीही सोडला नाहीत. गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून नेम धरायच्या थ्री पोझिशन्स प्रकारात 2018 ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण घेतलंत. 2019 ला दोह्यात ऑलिम्पिकची जागा मिळवलीत. मग करोना आला आणि स्पर्धाच वर्षभर पुढं गेली. अखेर 31 जुलै 2021 रोजी, चाळिशीत, तुम्ही टोकियोत पहिल्यांदा ऑलिम्पिकच्या रेषेवर उभ्या राहिलात. 1200 पैकी 1154 गुण. 33वा क्रमांक. अंतिम फेरी आठ जणींची.

माझ्या दृष्टीनं आमच्या मुलींना 597 इतकाच हा 1154 कळायला हवा.

सावित्रीबाई फुलेंचंही आम्ही हेच करून ठेवलंय. 3 जानेवारीला, त्यांच्या जयंतीला, पोरी नऊवारी नेसून त्यांच्यावर भाषण करतात आणि बहुतेक भाषणं अंगावर शेण-चिखल फेकल्याच्या प्रसंगापाशी थांबतात. 1856 मध्ये नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रातल्या सावित्रीबाई मात्र माहेरी दुखण्यातून उठत आहेत. आपल्यामागं पुण्यात मैत्रीण फातिमावर भार पडला असेल, याची त्यांना जाणीव आहे. आजारी पडणारी, विश्रांती घेणारी, मैत्रिणीवर काम सोपवणारी ही बाई पोरींना भेटली, तर त्या तिच्याशी बोलू लागतील. पुतळ्याला फक्त हार घालता येतो.

हरल्याच्या गोष्टी सांगितल्या तर मुली खचतील, असं जाणती माणसंही म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. सोळाव्या वर्षी एकदा हुकलं म्हणजे आपण संपलो, या समजुतीनंच मुली खचतात. रिओ हुकलं तेव्हा तुम्ही पस्तीस वर्षांच्या होतात, हे कळल्यावर दहावीतल्या मुलीला स्वतःच्या हातातला वेळ दिसेल.

म्हणून विनंती आहे, एकदा नेसरीला या. फेटे, ढोल, सत्कार यांत तुमचा वेळ आम्ही घालवणार नाही. पुढाऱ्यांची भाषणंही ठेवणार नाही. फक्त मुली आणि तुम्ही. पैसे कुठून आणलेत, पाळीच्या दिवसांत सराव कसा केलात, नातेवाईक काय म्हणाले, सोडून द्यावंसं कधी वाटलं, टोकियोहून परतताना मनात काय होतं, हे त्या विचारतील. जे सांगावंसं वाटेल ते सांगा, नसेल ते सांगू नका. पण जे सांगाल ते झालं तसं सांगा. आणि येताना पदकांबरोबर त्या 1154 चा गुणतक्ताही आणा. तो मुलींच्या हातात द्या.

आपली,
नेसरीतल्या मुलींची एक शिक्षिका