सिगरेट सुटली, अंग सुटलं

२०१९ च्या दिवाळीनंतर मी सिगरेट सोडली. त्याआधी २८ वर्षं ओढत होते. संघटनेतल्या जुन्या मैत्रिणींना हे ठाऊक आहे, नव्या मुलींना कदाचित आश्चर्य वाटेल. १९९१ साली, बाविसाव्या वर्षी, एका शिबिरात रात्रभर चाललेल्या चर्चेत पहिली सिगरेट ओढली. पुरुष कार्यकर्ते बिनदिक्कत ओढतात, मग आम्ही का नाही, असा त्यात थोडा बंडाचा भाग होता. पुढे बंड राहिलं बाजूला आणि सवय तेवढी उरली.

सोडली त्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. पण आज मला लिहायचं आहे ते त्यानंतरच्या गोष्टीबद्दल. वर्षभरात माझं वजन ५८ किलोवरून ६७ वर गेलं. मधे टाळेबंदी आली, घरात कोंडून बसणं आलं. पाळी बंद होण्याचं वयही तेच. त्यामुळे नऊ किलोंचा सगळा दोष सिगरेट सुटण्यावर टाकता येणार नाही. पण मोठा वाटा तिचाच होता. निकोटिन भूक मारतं आणि शरीराचा ऊर्जेचा खर्चही थोडा वाढवतं. ते बंद झालं की भूक परत येते, जिभेला चव परत येते आणि रिकामा हात डब्याकडे जातो.

२०२१ मध्ये बऱ्याच दिवसांनी आमची प्रत्यक्ष बैठक झाली. दारातच एक जुनी सहकारी म्हणाली, "अगं, किती सुटलीस! मी ओळखलंच नाही तुला." दुसरी म्हणाली, "सिगरेट होती तेच बरं होतं म्हणायचं!" सगळ्या हसल्या, मीही हसले. त्या दिवशी घरी जाताना कोपऱ्यावरच्या टपरीवरून एक पाकीट घेतलं. तीन आठवडे पुन्हा ओढत होते. कोणाला सांगितलं नाही. स्त्रीच्या शरीराकडे बघण्याच्या पुरुषी नजरेवर मी आयुष्यभर सत्रं घेतली आणि एका थट्टेच्या वाक्याने माझी अशी गत झाली, याची लाज वाटत होती.

आता वाटतं, लाज वाटायचं कारण नव्हतं. ही भीती आपल्या मनात आपोआप उगवलेली नाही, ती पेरली गेली आहे. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत लकी स्ट्राइक सिगरेटच्या जाहिराती बायकांना सांगू लागल्या की गोड खाण्याऐवजी आमची सिगरेट ओढा. बारीक राहायचं तर सिगरेट, असा सरळ हिशेब. १९२९ मध्ये याच कंपनीसाठी काम करणाऱ्या एडवर्ड बर्नेज यांनी न्यूयॉर्कच्या ईस्टरच्या मिरवणुकीत तरुणींच्या हाती सिगरेटी दिल्या आणि त्यांना 'स्वातंत्र्याच्या मशाली' म्हणून मिरवलं. १९६८ मध्ये खास बायकांसाठी 'व्हर्जिनिया स्लिम्स' आली. तिच्या नावातच सडपातळपणा आणि जाहिरातीत स्त्रीमुक्तीची भाषा! म्हणजे एका हाताने मुक्ती विकायची आणि दुसऱ्या हाताने जाड होण्याची धास्ती. माझ्या १९९१ च्या बंडातही हे दोन्ही होतं, हे मान्य करायला मला ३० वर्षं लागली.

पण मैत्रिणींनो, हा प्रश्न फक्त माझ्यासारख्या शहरी, शिकलेल्या बाईचा असता, तर मी हा लेख लिहिला नसता. २०१६-१७ च्या देशव्यापी प्रौढ तंबाखू पाहणीनुसार भारतात धूम्रपान करणाऱ्या बायका सुमारे २ टक्केच आहेत, पण धूर न काढता तंबाखू घेणाऱ्या जवळजवळ १३ टक्के. आपल्याकडे त्यात मशेरी आली. सकाळी वस्तीत शिरलं की तव्यावर भाजणाऱ्या तंबाखूचा वास येतो, तो आपल्यापैकी प्रत्येकीला ओळखीचा आहे.

अशाच एका वस्तीत आम्ही तंबाखूविषयी बैठक घेतली. नेहमीप्रमाणे तोंडाच्या कॅन्सरची चित्रं दाखवली. मी माझा अनुभव सांगितला आणि वजन वाढल्याचंही सांगितलं. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या एक मावशी मागे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, तुमचं अंग सुटलं कारण तुमच्या घरात खायला होतं. मी मशेरी सोडली तेव्हा मला नुसती भूक लागायची. दुपारी दोनपर्यंत चार घरची कामं. मशेरी लावली की पोटात काही आठवत नाही. ती सोडली तर भुकेचं काय करू?"

बैठकीत कोणालाच उत्तर देता आलं नाही. मावशींनी तीन वेळा सोडली होती आणि तिन्ही वेळा भुकेपायी पुन्हा धरली होती. शेजारची एक तरुण सून हळूच म्हणाली, "माझं उलटं झालं. सोडल्यावर अंगाने भरले, तर नवरा म्हणतो, म्हशीसारखी झालीस."

त्या दिवसापासून माझं मत पक्कं होत गेलं. तंबाखू बायकांची भूक दाबण्याचं काम करते. कुठे ती भूक दाबायची असते बारीक दिसण्यासाठी, तर कुठे घरात सगळ्यात शेवटी उरलंसुरलं खावं लागतं म्हणून. ती सोडली की दाबलेली भूक उभी राहते आणि त्या भुकेला घरात जागा नसते, पानातही नसते. याची किंमत पुढची पिढीही मोजते. मुंबईतल्या गरोदर बायकांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मशेरीसारखी तंबाखू घेणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. तरी आपण व्यसनमुक्तीच्या नावाने चित्रं दाखवतो, शपथ देतो आणि घरी येतो. भुकेबद्दल अवाक्षर काढत नाही.

आता माझ्या नऊ किलोंचं. पुन्हा सोडल्यावर मी थोडं वाचलं, डॉक्टरांशी बोलले. २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून असं दिसलं की सिगरेट सोडणाऱ्यांचं वजन वर्षभरात सरासरी साडेचार-पावणेपाच किलो वाढतं आणि त्यातली निम्म्याहून जास्त वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होते. पण सगळ्यांचं सारखं नसतं. काहींचं दहा किलोच्या वर वाढतं, तर साधारण सहापैकी एकाचं चक्क कमी होतं. २०१८ मधल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. वजन खूप वाढलेल्यांना पुढची काही वर्षं मधुमेहाचा धोका जास्त राहतो, पण सिगरेट सोडल्याने आयुष्य वाढण्याचा जो फायदा, तो वजन वाढलं तरी जात नाही. म्हणजे क्रम स्पष्ट आहे. आधी तंबाखू सोडायची, वजनाचं मागाहून बघायचं. दोन्ही एकदम करायला गेलं की उपाशी पोटी तलफ जास्त छळते, हा माझा अनुभव आहे.

मागाहून मी बघितलं. गुडघे दुखू लागले होते, साखर काठावर आली होती. तेव्हा एका सहकारी मैत्रिणीने विचारलं, "तूसुद्धा? वजन कमी करणं म्हणजे बाजाराच्या सौंदर्यकल्पनेला शरण जाणं नाही का?" प्रश्न रास्त होता. मी तिला म्हटलं, "मला जिने चढायचेत, मोर्च्यात चालायचंय. कोणाच्या डोळ्यांत भरायचं नाहीये." पण खरं सांगायचं तर आरशाचाही थोडा भाग होता. तो नाकारण्यात अर्थ नाही. कोणत्या कारणासाठी आपण स्वतःला उपाशी ठेवायला तयार होतो, एवढं मात्र तपासत राहावं.

मी उपाशी राहिले नाही. पूर्वी सकाळी चहा आणि सिगरेट एवढंच असे, त्याऐवजी वेळेवर न्याहारी सुरू केली. दुपारी भाकरी, उसळ, पालेभाजी. संध्याकाळी गल्लीतल्या चौघीजणी मिळून पाऊण तास चालायला लागलो. दीड वर्षात पाच किलो उतरले. उरलेले चार तसेच आहेत आणि त्यांच्याशी माझं भांडण नाही.

पण यातली प्रत्येक गोष्ट माझ्यासाठी सोपी का होती? मला संध्याकाळचा पाऊण तास मोकळा आहे. रस्त्यावर दिवे आहेत. उसळीसाठी कडधान्य आणायला पैसे आहेत आणि पहिल्यांदा मी जेवले तर कोणी बोलत नाही. मावशींकडे यातलं काहीच नाही. वेळ, रस्ता आणि पानातला वाटा हे तर आपल्या चळवळीचे जुनेच प्रश्न आहेत. व्यसनमुक्ती आणि वजन हे विषय आपण डॉक्टरांवर आणि मासिकांच्या सौंदर्यसदरांवर सोडून दिले, हे माझ्या मते चुकलं.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. एक, तंबाखूवरच्या प्रत्येक बैठकीत बाईला आधी विचारूया की ती तिच्यासाठी काय काम करते. भूक मारते, झोप उडवते, की दोन मिनिटं उसंत देते? त्याची सोय काय करता येईल, हे बोलल्याशिवाय शपथ देऊ नये. दोन, सोडणाऱ्या बायकांचे छोटे गट करूया. त्या एकत्र चालतील, सकाळच्या कामाआधी दोन घास खातील आणि पुन्हा धरली तर लपवणार नाहीत. १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत दूरध्वनी सेवाही आहे, तिचा नंबर देऊया. तीन, आणि हे आपल्यासाठी, कोणाच्याही अंगावरून बोलणं आपल्या बैठकांतून बंद करूया. 'बारीक झालीस, छान दिसतेस' हेसुद्धा.

मावशींनी आता चौथ्यांदा सोडली आहे. या वेळी त्या ज्या घरी सगळ्यात आधी जातात, तिथे त्यांनी स्पष्ट सांगितलं, "चहाबरोबर पोळी लागेल." ती मिळते. परवा भेटल्या तर म्हणाल्या, "ताई, ब्लाउज उसवून घ्यावा लागला." आणि हसल्या. मीही हसले, पण बैठकीतलं ते हसू वेगळं होतं.

तुमच्या वस्तीत, गटात काय अनुभव आहेत? माझं मत पटलं नसेल तरी जरूर लिहा.