कापसाचे पैसे आणि सातबाऱ्यावरचं नाव

वेचणीच्या दिवसांत मानवतच्या आसपास दुपारी बचत गटाची बैठक लावून उपयोग नसतो. सगळ्या जणी रानात. म्हणून आम्ही दिवेलागणीला बसतो. २०२४ च्या दिवाळीनंतर अशाच एका बैठकीत एक बाई मागे थांबली. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. तीन एकर कोरडवाहू रान. सरकी लावण्यापासून खुरपणी, वेचणी सगळं तीच बघते. म्हणाली, "ताई, समद्यांना कापसाचे पैसे आले, मलाच कसे नाही?"

२०२३ च्या खरिपात भाव पडले म्हणून कापूस आणि सोयाबीनवाल्यांना राज्य सरकारनं हेक्टरी ५ हजार रुपये दिले, २ हेक्टरच्या मर्यादेत. पण ते पीक कुणी घेतलं याला नाही, ज्याचं खातं सातबाऱ्यावर त्याला. हिच्या रानाचा खातेदार कोण? सासरा. तो वारून सहा वर्षं झालेली! आधी सासऱ्याची वारस नोंद राहिली, मग नवऱ्याची. कापूस हिनं वेचला आणि अनुदान मेलेल्या माणसाच्या नावापाशी अडकलं.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम किसानचं तेच. वर्षाला ६ हजार, त्यावर २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे. नवरा, बायको, अज्ञान मुलं मिळून एक कुटुंब, म्हणून नवऱ्याच्या खात्यात पैसे आले तर माझी तक्रार नाही, चूल एकच असते. अडचण येते तो गेल्यावर. १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर झालेल्या जमिनीला हा लाभ नाही, पण वारसाहक्कानं आलेल्या जमिनीला त्यातून सूट आहे, हे किती जणींना माहीत आहे? २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशात शंभर वहितीदारांमागे बाया जेमतेम चौदा होत्या. आमच्याकडे वेचणीला आलेल्या शंभर जणांत पुरुष मोजायला घ्या म्हणजे कळेल.

शरद जोशींनी हे फार आधी ओळखलं होतं. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेनं बायांचं मोठं अधिवेशन भरवलं, पुढं 'लक्ष्मीमुक्ती' काढून नवऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली. १९९२ मध्ये सरकारनंही त्याच नावाची योजना आणली: नवऱ्यानं अर्ज द्यावा, सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागावं. योजना कागदावर छान. पण अर्ज नवऱ्यानं द्यायचा, तिथंच गाडी अडते.

आणि एक गंमत बघा. २०२५ मध्ये सरकारनंच सांगितलं की ज्या बहिणींना शेतकरी म्हणून या दोन योजनांचे महिन्याला हजार पडतात, त्यांना 'लाडकी बहीण'चे पंधराशे नाहीत, पाचशेच. शेतकरी म्हणून नाव लागलं की बहिणीचा लाड कमी!

असो. आमच्या बाईचा दीर म्हणायचा, "नाव कशाला पाहिजे? जमीन कुठं पळून चालली?" मी म्हटलं, पळत नाही, पण पैसे पळाले ना. २०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारनं 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, मयत खातेदारांच्या जागी वारस लावण्यासाठी. तेव्हा आम्ही कागद गोळा केले: दोघांचे मृत्यूचे दाखले, सगळ्या वारसांची नावं-वयं, स्वयंघोषणापत्र, पोलीस पाटलाचा दाखला. सासऱ्याची नोंद आधी, नवऱ्याची नंतर, हे समजावतानाच एक सकाळ गेली. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, काम तेच. नोटीस निघाली, हरकतीचे पंधरा दिवस गेले, दीर काही बोलला नाही.

आता सातबाऱ्यावर दिराच्या नावाखाली तिचं नाव आहे, त्याखाली पोरांची, 'अ.पा.क. आई' अशी. पीएम किसानचा अर्ज तिनं भरला. २०२३ च्या कापसाचे मात्र गेले ते गेले.