खाणारी तोंडं आणि वाढलेले बांध



पाऊस दडी मारतो, टँकर सुरू होतात आणि शहरातले शहाणे सांगू लागतात : खेड्यातली माणसं फार वाढली, म्हणून झाडं गेली, पाणी गेलं. माणसं वाढली हे खरं. 1991 च्या जनगणनेत जालना जिल्हा 13 लाख 64 हजारांचा होता, 2011 मध्ये 19 लाख 59 हजारांचा झाला. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचं प्रमाण बाईमागे 1.7 मुलांवर आलेलं आहे. 1976 साली याच राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं, ते कायदा झालंच नाही. पुढे पाळणा थांबवला तो बायांनी, शस्त्रक्रियेचं दुखणंही त्यांनीच सोसलं. सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं तर सरपंचकी जाते. धरणाचं पाणी पिणाऱ्या उसाला मात्र अशी अट कुणी घातली नाही.

मग माणसांची वाढ नडते कुठे? ती वाटणीत नडते. राज्यात 1970-71 साली सरासरी खातं 4.28 हेक्टरचं, म्हणजे साडेदहा एकराचं होतं. 2015-16 साली 1.34 हेक्टर उरलं, सव्वातीन एकर. मालाला भाव नाही, म्हणून घरात भांडवल नाही. भांडवल नाही, म्हणून पोराला दुसरा धंदा नाही. तो त्याच तुकड्यावर राहतो. तुकड्यावर घर चालवायला रोख पैसा लागतो, म्हणून ज्वारी जाते आणि कपाशी येते. ज्वारी गेली की कडबा गेला, कडबा गेला की जनावरं बाजारात. शेणखत नाही, जमीन घट्ट होते, पडलेला पाऊस वाहून जातो. चराऊ गायरानही नांगराखाली जातं.

आणि तीन भावांचे तीन बोअर. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, तेवढंच. तीन भोकं पाडली म्हणून ते तिप्पट होत नाही, तिप्पट वेगाने संपतं. भावकीची भांडणं मी पुष्कळ पाहिली. ईर्षेपायी घेतलेल्या बोअरचं कर्जही तेवढंच पाहिलं.

आपल्याच तालुक्यातल्या कडवंचीत 1996 पासून पाणलोटाचं काम झालं. तिथली माणसं काही कमी झाली नव्हती. माथ्यापासून पायथ्यापर्यंत सगळं शिवार एक धरून चर खोदले, बांध घातले. द्राक्षं नंतर आली. द्राक्ष प्रत्येक गावाला झेपेल असं नाही, पण चर आणि बांध झेपतात.

सरकारकडे भाव मागायचा तो मागूच, त्यात तडजोड नाही. पण भाव मिळाला तरी आटलेली विहीर भरत नाही. वाटणी जमिनीची करा, विहीर सामाईक ठेवा, पाळी लावून पाणी घ्या. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने आपल्या गायरानाचा सातबारा आणि शिवारातल्या चालू व बंद बोअरची मोजणी घेऊन यावं.