बाभुळगावातले ‘गाव’ कोणी कापले?

लिनक्सवर चालणाऱ्या कोणत्याही संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम करावा आणि त्याच्या फाइलला ‘बाभुळगाव’ असे नाव द्यावे. तो सुरू करून चालू प्रोग्रॅमची यादी पाहिली, तर तिथे ‘बाभुळ’ एवढेच दिसते. गाव नाहीसे झालेले असते आणि झाड तेवढे उरलेले असते. हाच प्रयोग ‘यवतमाळ’वर केला तर ‘यवतमा’ मिळते, ‘घाटंजी’चे ‘घाटंज’ होते. ‘दारव्हा’ची अवस्था सगळ्यांत वाईट. त्याचे ‘दारव्’ होते, शेवटी पाय मोडलेला व. जिल्ह्यात सुखरूप राहतात ती नेर, कळंब, आर्णी अशी आखूड नावाची गावे.

यात कोणाचा द्वेष नाही की भाषिक कट नाही. संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो गाभा असतो, ज्याला कर्नल म्हणतात, त्यात चालू प्रोग्रॅमच्या नावासाठी 16 बाइटची जागा राखलेली आहे. त्यातला एक बाइट ‘नाव इथे संपले’ ही खूण ठेवण्यासाठी जातो, उरतात 15. इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटात मावते. आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि चिन्ह म्हणजे केवळ अक्षर नव्हे. काना, उकार, अनुस्वार, हलन्त हे सगळे स्वतंत्रपणे मोजले जातात. ‘बाभुळगाव’ची चिन्हे आठ, म्हणजे बाइट चोवीस. पंधरात पाच चिन्हे बसतात. गंमत अशी की पाचवे चिन्ह नेमके ळ आहे, म्हणून कापलेला तुकडाही अर्थपूर्ण वाटतो. (बाभुळगाव की बाभूळगाव, हा वाद इथे उपयोगाचा नाही. ऱ्हस्व काय, दीर्घ काय, दोन्ही उकार तीन-तीन बाइटचेच. वऱ्हाडी बोलीतला माणूस ळचा य करून ‘बाभुयगाव’ म्हणाला तरी हिशेब बदलत नाही.)

ही कापाकापी करणारे जे छोटे साहाय्यक प्रोग्रॅम कर्नलमध्ये असतात, त्यांच्याबद्दल सामान्य वाचकाने विचार करावा असे कोणी सांगत नाही. सांगायला हवे. अक्षरांच्या ओळीला, म्हणजे मजकुराच्या तुकड्याला, संगणकाच्या भाषेत स्ट्रिंग म्हणतात. ती एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे, दोन स्ट्रिंग सारख्या आहेत का पाहणे, ‘होय’ की ‘नाही’ लिहिले आहे ते ओळखणे ही कामे कर्नलच्या हजारो कोपऱ्यांत लागतात. प्रत्येकाने आपल्यापुरते दोन ओळींचे काम स्वतःच लिहायचे, की सगळ्यांसाठी मिळून एकच साहाय्यक ठेवायचा? गेली काही वर्षे लिनक्समध्ये दुसऱ्या बाजूने काम चालले आहे. ते योग्यच आहे, पण त्याची एक किंमतही आहे.

जुनी पद्धत किती महागात पडली ते पाहण्यासारखे आहे. लिनक्स ज्या सी भाषेत लिहिले आहे, ती 1970च्या दशकात बेल प्रयोगशाळेत घडली. या भाषेत स्ट्रिंगची लांबी कुठे नोंदवलेली नसते. शेवटी शून्य किमतीचा एक बाइट आला की स्ट्रिंग संपली, एवढाच संकेत. सोयाबीनच्या कट्ट्याचे तोंड सुतळीने शिवलेले असते तसे हे शून्य. शिलाई असेल तर माल आत राहतो. ती विसरली तर हमाल उचलतो तिथपासून गोदामापर्यंत दाणे सांडत जातात. ‘स्ट्रकॉपी’ हा सर्वांत जुना साहाययक तर कट्टा केवढा आहे हेही पाहत नाही, ओतत राहतो. माल बाहेर गेला की तो शेजारच्या स्मृतीवर पडतो, आणि तिथे जे काही होते ते बिघडते. संगणकांवरच्या कितीतरी हल्ल्यांचे मूळ या सांडण्यात आहे.

त्यावर उतारा म्हणून लोक ‘स्ट्रएनकॉपी’ वापरू लागले. तिला कट्ट्याचे माप सांगता येते. पण ती मुळात या कामासाठी नव्हतीच. जुन्या युनिक्समध्ये फाइलचे नाव 14 बाइटच्या ठरावीक चौकटीत ठेवत. ती चौकट भरण्यासाठी ती केली होती. नाव आखूड असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरायची, पुरेपूर असेल तर शेवटचे शून्य लागायचेच नाही. म्हणजे कट्टा काठोकाठ भरला की शिलाई नाही! हे माहीत नसलेल्यांनी ती वर्षानुवर्षे ‘सुरक्षित’ म्हणून वापरली. आता कर्नलच्या दस्तऐवजांतच तिला नव्या कामात घेऊ नका असे लिहिलेले आहे.

पुढे ओपनबीएसडी या कार्यप्रणालीच्या मंडळींनी 1990च्या दशकाच्या अखेरीस ‘स्ट्रएलकॉपी’ आणली. ती शिलाई नेमाने घालते. पण मूळ मजकूर किती लांब होता हे सांगण्यासाठी तो शेवटपर्यंत वाचते. मूळ मजकुरालाच शिलाई नसेल तर ती वाचतच सुटते. 2015 साली लिनक्सच्या 4.3 आवृत्तीत ‘स्ट्रएसकॉपी’ आली. ती मापाबाहेर जात नाही, शिलाई घालते आणि माल कापावा लागला तर तसे स्पष्ट कळवते. 2024च्या 6.8 आवृत्तीत स्ट्रएलकॉपी कर्नलमधून काढून टाकली गेली. नवीन येण्यापासून जुनी जाण्यापर्यंत आठ वर्षे लागली. कारण ती शेकडो ठिकाणी पसरली होती आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी जाऊन ‘इथे बदलले तर काही मोडेल का’ हे पाहावे लागले.

असले काम कोणाच्या नजरेत भरत नाही. त्यापेक्षाही किरकोळ वाटावे असे एक काम 2022 मध्ये झाले. कर्नलच्या वेगवेगळ्या भागांत ‘यस’ की ‘नो’, ‘ऑन’ की ‘ऑफ’, ‘एनेबल्ड’ की ‘डिसेबल्ड’ असा शब्द निवडून देणारे तुकडे जो तो आपापले लिहीत होता. ते एकत्र करून सामायिक ठेवले गेले. असल्या बदलांवर नेहमी एक आक्षेप येतो: चालत्या कामाला हात कशाला लावता, दोन शब्दांसाठी वेगळा साहाय्यक हवा कशाला? आक्षेपात तथ्य आहे. शेकडो फाइलींत किरकोळ बदल केले की खरी चूक कधी शिरली हे नंतर शोधणे अवघड जाते, आणि तपासणाऱ्यांचा वेळ तर मुळातच थोडा असतो. तरीही तोल सामायिक साहाय्यकाकडेच झुकतो. दहा जणांनी दहा ठिकाणी लिहिलेल्या दोन ओळी दहा वेळा तपासाव्या लागतात आणि प्रत्यक्षात एकदाही तपासल्या जात नाहीत. सामायिक ओळीवर मात्र शेकडो डोळे असतात, आणि तिच्यासाठी आपोआप चालणारी चाचणी लिहिणे परवडते.

पण सामायिक वस्तूतली चूकही सामायिक असते. याचे उदाहरण ताजे आहे आणि मराठी लिहिणाऱ्याला ते थेट भिडणारे आहे.

लिनक्स फाइलींच्या नावांकडे सहसा नुसते बाइट म्हणून पाहते. पण 2019च्या 5.2 आवृत्तीपासून एक सोय आली: एखादी फोल्डर अशी ठेवता येते की तिच्यात इंग्रजी लहान-मोठी लिपी एकच मानली जाते. त्यासाठी कर्नलमध्ये युनिकोडचा एक सामायिक तक्ता आला. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच असल्याने नव्या फोनांमध्ये फोटो, डाउनलोड वगैरे जिथे साठतात तिथे हीच सोय वापरली जाते. म्हणजे बाभुळगावच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या बहुतेकांच्या खिशात हा तक्ता आहे. त्यात न दिसणारी काही चिन्हे जमेस धरायची नाहीत असा नियम आहे. 2024च्या ऑक्टोबरमध्ये हा नियम सुधारण्याचा बदल स्वीकारला गेला. हेतू चांगला होता, पण नावावरून फाइल शोधण्यासाठी जो आकडा काढून डिस्कवर ठेवलेला असतो तो या बदलाने काही नावांपुरता वेगळा येऊ लागला. ज्यांच्या फाइलींच्या नावात लाल हृदयाचे इमोजी होते, त्यांना त्या फाइली यादीत दिसत, पण उघडत नसत. डिसेंबरमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी तो बदल मागे घेतला.

इमोजी पाहून हसायला येते. पण त्या न दिसणाऱ्या चिन्हांतच एक असे आहे, ज्यावर मराठीचे काही शब्द उभे आहेत. ते म्हणजे जोडचिन्ह. दऱ्या आणि दर्या, आचाऱ्यांना आणि आचार्यांना, या जोड्या मराठीत वेगळ्या आहेत. एकीकडे डोंगरातली दरी, दुसरीकडे समुद्र. एकीकडे स्वयंपाकी, दुसरीकडे गुरुजी. हा अर्धा र लिहायचे आजचे प्रमाण चिन्ह ऱ हे आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर त्याला स्वतःची कळ आहे. पण तो साधा र, हलन्त आणि जोडचिन्ह अशा तऱ्हेनेही लिहिता येतो, आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेल्या नावातून जोडचिन्ह वगळले की उरतो तो रफार. म्हणजे अशा फोल्डरमध्ये लग्नाच्या आचाऱ्यांची यादी आणि आचार्यांची यादी या कर्नलच्या लेखी एकाच नावाच्या फाइली होतात.

याउलट, साध्या फोल्डरमध्ये कर्नल बाइट तेवढे पाहतो. तिथे कपाशीला पऱ्हाटी म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाने ‘पऱ्हाटी’ ही फाइल दोन वेगळ्या कीबोर्डवरून दोनदा साठवली, तर डोळ्यांना एकसारख्या दिसणाऱ्या दोन फाइली शेजारी शेजारी बसतात. शोधताना एक सापडते, दुसरी सापडत नाही. एका ठिकाणी वेगळे असलेले एक होते आणि दुसऱ्या ठिकाणी एक असलेले वेगळे राहते.

लांबीचा प्रश्नही तसाच. लिनक्सवर फाइलच्या नावाची मर्यादा 255 बाइट आहे. इंग्रजीला 255 अक्षरे मिळतात, देवनागरीला 85 चिन्हे, तीही काना-मात्रा धरून. विंडोजवर हीच मर्यादा वेगळ्या तऱ्हेने मोजली जाते आणि देवनागरीची 255 चिन्हे बसतात. शासन निर्णयाचा विषय जसाच्या तसा फाइलच्या नावात लिहायची सवय असलेल्या कार्यालयाने विंडोज सोडून लिनक्स घेतले, की जुन्या फाइली नव्या यंत्रावर उतरताना काही अडून बसणार. सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स 2007 मध्ये आणली, सरकारी कार्यालयांनी मुक्त कार्यप्रणाली वापरावी हे धोरण म्हणून चांगलेच. पण ही 85 चिन्हांची गोष्ट प्रशिक्षणात कोणी सांगायला हवी. जाता जाता आठवते की भारतीय लिप्यांसाठी 1991 मध्ये ठरलेल्या इस्की या मानकात देवनागरीचे चिन्ह एकाच बाइटात बसत असे. पण त्या काळाकडे परत जाण्यात अर्थ नाही. इस्कीत एका वेळी फार थोड्या लिप्या नांदू शकत, यूटीएफ-8मध्ये साऱ्या जगाच्या नांदतात.

मग कर्नलला मराठी शिकवावे का? फार नाही. अक्षर म्हणजे काय, जोडाक्षर कुठे तोडू नये, हे ठरवणारे नियम वेळोवेळी बदलतात. ते कर्नलच्या आत कोंबले तर लाल हृदयासारखे प्रसंग पुन्हा येतील, आणि दरवेळी कोणाच्या तरी फाइली अडकतील. ते काम वरच्या थरातल्या प्रोग्रॅमांचे आहे. कर्नलकडून मागणे एवढेच हवे, की कापताना चिन्हाच्या मधोमध सुरी फिरवू नये. आज स्ट्रएसकॉपी बाइट मोजते, चिन्ह नव्हे. ‘बाभुळगाव’च्या आधी इंग्रजी 1 हा आकडा लावला तर पंधरावा बाइट ळच्या मध्येच येतो, आणि यादीत ळच्या जागी निरर्थक चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते. चिन्हाच्या सीमेवर थांबणे यूटीएफ-8मध्ये सोपे आहे, कारण तिच्या रचनेतच प्रत्येक बाइट ‘सुरुवातीचा’ की ‘मधला’ हे ओळखता येते. त्यासाठी कोणताही तक्ता लागत नाही. हे काम गरज पडेल तिथे ज्याने त्याने आपापले लिहिण्यापेक्षा एकाच सामायिक साहाय्यकात, चाचणीसकट, असावे.

आणि त्या चाचणीत कोणती उदाहरणे असावीत, हे सांगायला मराठी माणसाइतका लायक दुसरा कोण? लिनक्समध्ये बदल सुचवायला नोकरी लागत नाही, ओळखपाळख लागत नाही. तो ईमेलने पाठवता येतो आणि तपासणारे लोक तो उघडपणे तपासतात. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला हजेरीची वेबसाइट करणाऱ्या मुलांनी त्याऐवजी दहा ओळींची एक चाचणी पाठवली तरी ती जगभरच्या फोनांपर्यंत जाऊ शकते. दऱ्या आणि दर्या, आचारी आणि आचार्य, शेवटी हलन्त लोंबणारा ‘दारव्’, आणि मधोमध कापलेला बाभुळगावचा ळ, एवढी उदाहरणे सुरुवातीला पुरेत.