दोन दस्तांमधले वर्ष

माननीय आयुक्त, राज्य उत्पादन शुल्क, महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

तालुक्याच्या कचेरीच्या आवारातील एका पत्र्याच्या छपरीत बसून खरेदीखते, बक्षीसपत्रे, कुलमुखत्यारपत्रे आणि भागीदारीचे करारनामे लिहिण्यात ज्याची उभी हयात गेली, अशा एका निवृत्त दस्तलेखकाचे हे पत्र आहे. मी दारूबंदीचा प्रचारक नाही आणि मद्यविक्रेत्यांचा कैवारीही नाही. ज्या दोन कागदांच्या योगाने मद्यविक्रीचा परवाना एका हातातून दुसऱ्या हातात जातो, आणि तरीही कोणी कोणास काही विकले असे दप्तरात कोठेही उमटत नाही, त्या दोन कागदांपुरतेच मला बोलावयाचे आहे. आणि ते बोलण्याचा अधिकार मला एवढ्याचसाठी आहे की, तसले कागद मी स्वहस्ते लिहिले आहेत.

कायद्याची भूमिका निःसंदिग्ध आहे. ज्याच्या नावातील ‘मुंबई’च्या जागी पुढे ‘महाराष्ट्र’ आले, तो 1949 चा दारूबंदी अधिनियम मद्याचा व्यवहार मुळातच निषिद्ध मानतो, आणि अनुज्ञप्ती म्हणजे त्या निषेधातून सरकारने विशिष्ट इसमास, विशिष्ट जागेपुरती, ठराविक मुदतीसाठी दिलेली सवलत होय. मद्याची किरकोळ विक्री हा नागरिकाचा उपजत हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली अजमेरच्या कूवरजी भरूचा यांच्या प्रकरणात सांगून ठेवले आहे. तेव्हा घर, जमीन किंवा गुरेढोरे यांसारखी ही मालमत्ता नव्हे. परवानगीवाचून ती विकता येत नाही, पोटभाड्याने देता येत नाही, आणि नूतनीकरणाचे शुल्क वेळेवर न भरल्यास 31 मार्चनंतरचा दिवस तिला उजाडत नाही. परंतु 1970 च्या दशकात विदेशी मद्याच्या किरकोळ दुकानांचे, म्हणजे एफएल-2 चे, आणि देशी दारूच्या सीएल-3 चे नवे परवाने देणे सरकारने थांबविले. पुढे गावांची शहरे झाली, वस्ती कित्येक पट वाढली, आणि जे मोजके परवाने शिल्लक होते त्यांना असे मोल आले की, ज्या वस्तूला कायद्याने किंमतच नाही तिची किंमत तालुक्यातील कोणत्याही शेतजमिनीहून अधिक झाली.

मग ती विकावयाची कशी? याचे उत्तर आमच्या छपरीत तयार होते. पहिल्या दस्ताने परवानाधारक आपल्या धंद्यात एक भागीदार घेतो. खात्याकडे रीतसर अर्ज जातो, शुल्क भरले जाते, चौकशी होते, मंजुरी येते. काही काळाने दुसरा दस्त होतो आणि त्यान्वये मूळ परवानाधारक ‘प्रकृतिअस्वास्थ्यास्तव’ किंवा ‘कौटुंबिक कारणास्तव’ भागीदारीतून निवृत्त होतो. हे शब्द मी इतक्यांदा लिहिले की, आमच्या तालुक्यातील मद्यविक्रेत्यांइतकी नाजूक प्रकृती अन्य कोणत्याही व्यावसायिकांची नसावी, असे पुढेमागे दप्तर चाळणाऱ्या एखाद्या संशोधकास वाटावे. यात बेकायदेशीर असे काहीच नाही, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे.

एक प्रसंग सांगतो. नवऱ्यामागे वारस म्हणून जिच्या नावावर देशी दारूचे दुकान झाले होते, अशी एक विधवा बाई दिराबरोबर माझ्या मेजापाशी आली. तिचा हिस्सा शेकडा पाच आणि नव्या भागीदाराचा शेकडा पंच्याण्णव, असे मला लिहावयास सांगण्यात आले. मसुदा वाचून दाखविल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, “पाटीवर नाव माझंच राहील ना?” दुकानावरील पाटीवर परवानाधारकाचे नाव आणि परवान्याचा क्रमांक असतो. मालकी, हिस्सा, नफा यांतले तिला फारसे कळत नव्हते, पण गावात आपले नाव एका फळ्यावर रंगविलेले आहे, एवढे तिला ठाऊक होते. “राहील, वहिनी,” असे दिराने परस्पर सांगितले, आणि वर्षभर ते राहिलेही. वर्षानंतर दुसरा दस्त झाला तेव्हा तिने काहीही विचारले नाही. या दोन दस्तांच्या मधल्या वर्षात काय रक्कम कोणाच्या हाती पडली, हे मला ठाऊक नाही, कारण ती रक्कम कोणत्याही दस्तात लिहावयाची नसते.

तिच्या दुकानात गल्ल्यावर बसणारा नोकर, ज्याचे नाव कित्येक वर्षे नोकरनाम्यावर होते, तोही त्याच वर्षी घरी बसला. नव्या धन्याने नवा नोकरनामा करून घेतला. आपल्या खात्याच्या भाषेत शिल्लक राहिलेल्या मोजक्या यावनी शब्दांपैकी हा एक सुबक शब्द. त्यात नोकराचे नाव असते, हक्क मात्र नसतो.

कागदावर एक आणि व्यवहारात दुसरे, अशा संकेतांची आपल्या खात्याला सवय जडली आहे, हे मी जाणतो. मद्य प्राशन करणाऱ्याजवळ परवाना असावा, असे कायदा आजही म्हणतो. देशी दारूसाठी दोन आणि विदेशी मद्यासाठी पाच रुपयांत एका दिवसाचा परवाना मिळतो. आणि ज्या खोलीचे नावच ‘परमिट रूम’, तेथे परमिट विचारणारा वेटर मला तरी अद्याप भेटलेला नाही. पण पिणाऱ्याच्या बाबतीतील संकेत निरुपद्रवी आहे. विकणाऱ्याच्या बाबतीतील तसा नाही.

पागडीचा, म्हणजे भाड्याची जागा हातोहात देताना घेतल्या जाणाऱ्या रकमेचा, इतिहास येथे आठवावा. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने पागडी घेणे हा गुन्हा ठरविला. तरीही अर्धशतकभर मुंबईतल्या खोल्या पागडीवरच या कुटुंबातून त्या कुटुंबात गेल्या, आणि अखेरीस 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने, जे चालत होते त्यास मान्यता दिली. त्यामुळे पागडी शुद्ध झाली असे नाही. मात्र तिची पावती मागता येऊ लागली.

आणि वस्तीचे काय? दुकान बंद करावयाचे तर गावातील महिलांनी आधी सह्या गोळा कराव्यात, सह्यांची पडताळणी व्हावी, मतदान व्हावे, आणि यादीतील एकूण महिलांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारावा. घरी राहिलेल्या, परगावी गेलेल्या, आजारी पडलेल्या साऱ्या जणी आपोआप ‘उभ्या बाटली’च्या बाजूने मोजल्या जातात. त्याच दुकानाचा धनी बदलावयास मात्र खात्याच्या मंजुरीखेरीज दोन सह्या आणि माझ्यासारखा एक लेखनिक पुरतो. नवा धनी कोण, तो दुकान रात्री किती वाजता मिटणार, शाळकरी पोरांना बाटली देणार की नाही, हे ज्यांना रोज सोसावयाचे त्यांना ते पाटी बदलल्यावरच कळते. जुन्या आबकारीच्या काळी मक्त्याचा लिलाव तरी चारचौघांत पुकारला जाई. त्या पद्धतीचे गोडवे मी गात नाही. तिने सरकारचा खजिना भरला आणि गावे नागविली. पण मक्तेदार कोण झाला, हे त्याच दिवशी साऱ्या गावाला ठाऊक असे.

तेव्हा माझी विनंती अल्प आहे. भागीदार घेण्याच्या अर्जात मूळ परवानाधारकाचा हिस्सा निम्म्याहून खाली जात असेल, तर त्या अर्जास ‘हस्तांतर’ असेच म्हणावे. मोबदल्याची रक्कम दस्तात लिहिणे सक्तीचे करावे. अर्ज मंजूर होण्यापूर्वी तीस दिवस, दुकानाच्या दारावर आणि ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या फलकावर, नव्या इसमाच्या नावानिशी मराठीत सूचना लावावी. आणि परवाना वारसाहक्काने स्त्रीच्या नावावर आलेला असेल, तर अधीक्षकांनी तिला एकटीला बोलावून, दीर, भाऊ वा मुलगा दाराबाहेर ठेवून, तिचा जबाब घ्यावा. त्या विधवा बाईला मी तसे विचारू शकलो असतो. माझ्या मेजासमोर दोन खुर्च्या होत्या, आणि दुसरीवर दीर बसला होता.

त्या दोन्ही दस्तांचे मसुदे, नावे व गाव वगळून, या पत्रासोबत जोडले आहेत. ‘प्रकृतिअस्वास्थ्यास्तव’ हा शब्द दुसऱ्या मसुद्याच्या तिसऱ्या कलमात आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त दस्तलेखक